क्वांटमरोधक एन्क्रिप्शन: चालू सर्व्हर, एसएसएच आणि व्हीपीएनवर एमएल-केईएम बसवताना

कुलूपकिल्ली

मंडळी, या धाग्यात एकच काम धरू. आज चालू असलेल्या यंत्रणेत क्वांटम हल्ल्याला पुरून उरेल अशी किल्ल्यांची देवाणघेवाण कशी सुरू करायची, ती खरंच सुरू झाली का हे कसं तपासायचं, आणि कुठे अडतं. क्वांटम संगणक नेमका कधी येणार यावर इथे वाद नको, कारण कामाचा क्रम त्यावर फारसा अवलंबून नाही.

आधी दोन शब्द मुळाचे. पीटर शोर यांचा १९९४ चा अल्गोरिदम पुरेशा मोठ्या क्वांटम संगणकावर चालला, तर आरएसए, डिफी-हेलमन आणि इलिप्टिक कर्व्ह ही सार्वजनिक किल्लीच्या कूटलेखनाची तिन्ही घराणी एकदम बुडतात. किल्ली लांबवून सुटका नाही. आरएसए २०४८ वरून ४०९६ बिटवर नेलं, तर हल्लेखोराचं काम आठेक पटींनी वाढतं, आणि तेवढ्याने काही अडत नाही. एईएसचं, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच गुप्त किल्ली लागणाऱ्या पद्धतीचं, तसं नाही. तिथे ग्रोव्हरचा १९९६ चा अल्गोरिदम लागतो. तो शोध वर्गमुळाइतका कमी करतो, पण ते काम अनेक यंत्रांत वाटलं की फायदा झपाट्याने आटतो. म्हणून नव्या मांडणीत एईएस-२५६ घ्या आणि पुढे चला. एईएस-१२८ उपटून काढण्यात वेळ घालवू नका.

हल्ल्याचा अंदाज कसा खाली येतोय ते बघा. आरएसए-२०४८ फोडायला २ कोटी क्युबिट (क्वांटम संगणकाचे बिट) आणि ८ तास लागतील, असा गिडनी आणि एकेरो यांचा २०१९ चा हिशेब होता. त्याच गिडनी यांनी २०२५ मध्ये तो १० लाखांपेक्षा कमी क्युबिट आणि आठवड्याच्या आतला वेळ इथपर्यंत आणला. हा फरक मुख्यतः गणित आणि चूक-दुरुस्तीची मांडणी सुधारल्यामुळे पडलाय. म्हणजे यंत्र मोठं व्हायची वाट बघता बघता लक्ष्यच जवळ सरकतंय.

घाई आहे ती दुसऱ्याच कारणाने. आज वायरवरून जाणारं कूटबद्ध वाहतुकीचं पाणी कुणीही टाकीत साठवून ठेवू शकतो आणि दहा-पंधरा वर्षांनी उघडू शकतो. मिशेल मोस्का यांचा साधा हिशेब आहे: माहिती जितकी वर्षं गुप्त राहायला हवी त्यात बदलाला लागणारी वर्षं मिळवा. बेरीज यंत्र येण्याच्या कालावधीपेक्षा मोठी झाली, तर तुम्हाला आधीच उशीर झालाय. रुग्णाची कागदपत्रं, आधारशी जोडलेल्या नोंदी, जमिनीचे व्यवहार यांचं आयुष्य माणसाइतकं असतं.

ओळख पटवणाऱ्या डिजिटल सहीचं तसं नाही. आज टीएलएसमध्ये (वेबच्या कूटबद्ध जोडणीत) झालेली सही दहा वर्षांनी कुणी बनवली, तरी आजचं संभाषण उघडत नाही. म्हणून आधी लगीन कोंढाण्याचं: पहिल्यांदा किल्ल्यांची देवाणघेवाण, मग सर्टिफिकेटं. अपवाद फर्मवेअरच्या सह्यांचा, त्यावर खाली कुणीतरी लिहालच.

अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेची मानकं १३ ऑगस्ट २०२४ ला आली. एफआयपीएस २०३ म्हणजे किल्ल्यांच्या देवाणघेवाणीसाठीचं एमएल-केईएम (जुनं नाव कायबर), २०४ म्हणजे एमएल-डीएसए (डायलिथियम), २०५ म्हणजे एसएलएच-डीएसए (स्फिंक्स-प्लस); शेवटची दोन सह्यांसाठी. आज वेब आणि एसएसएचवर चालतंय ते एक्स२५५१९ (नेहमीची इलिप्टिक कर्व्ह) आणि एमएल-केईएम-७६८ यांचं जोडपं, यालाच पुढे संकरित गट म्हटलंय.

---

रूटवाला

एनजिनएक्स हा वेब सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी लिहितो. इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, आणि तेही अगदी साध्या जागी.

पहिलं, ओपनएसएसएल ही कूटलेखनाची लायब्ररी ३.५ हवी. एप्रिल २०२५ मध्ये आलेली ही दीर्घ आधाराची आवृत्ती आहे आणि तिच्यात एमएल-केईएम मूळचंच आहे. डेबियन १३ मध्ये ती आयती मिळते. उबुंटू २४.०४ मध्ये ३.०.१३ आहे, तिथे हा गटच ओळखला जात नाही. मशीनवर ३.५ असलं तरी एनजिनएक्स तेच वापरतोय असं धरून चालू नका. एनजिनएक्सला मोठा व्ही पर्याय देऊन चालवा, कोणत्या ओपनएसएसएलने बांधलाय ते छापून येतं, आणि धावतोय ते वेगळं असेल तर तेही. कंटेनरमधला एनजिनएक्स तर हमखास स्वतःची जुनी लायब्ररी घेऊन बसलेला असतो.

दुसरं, एसएसएल_ईसीडीएच_कर्व्ह ही ओळ शोधा. ती नसेल किंवा 'ऑटो' असेल, तर ३.५ वर संकरित गट आपोआप सुरू होतो. पण कधीकाळी "कडक सुरक्षेची" म्हणून उचललेली कॉन्फिग फाइल असेल, तर तिथे सेकपी३८४आर१ किंवा प्राइम२५६व्ही१ (जुन्या कर्व्ह) एवढंच खिळवून ठेवलेलं असतं. लायब्ररी कितीही नवी आणा, ही ओळ तिला पुढे सरकू देत नाही. ओळ काढून टाका, किंवा एक्स२५५१९एमएलकेईएम७६८ आधी, मग एक्स२५५१९, मग प्राइम२५६व्ही१ असा क्रम लिहा.

तिसरं, हाच बदल त्या पोर्टच्या डीफॉल्ट सर्व्हर ब्लॉकमध्ये करा. होस्टचं नाव कळून एनजिनएक्स दुसऱ्या ब्लॉककडे वळतो तोवर गटांची यादी जोडणीला चिकटलेली असते. नुसत्या स्वतःच्या साइटच्या ब्लॉकमध्ये ओळ टाकून "काहीच फरक पडत नाही" म्हणणारे सगळे इथे अडकलेले असतात.

चौथं, एकच कॉन्फिग जुन्या-नव्या सगळ्या मशीनवर पाठवत असाल तर सांभाळा. यादीत अनोळखी नाव आलं की ओपनएसएसएल पूर्ण यादीच नाकारतं आणि एनजिनएक्स रीलोडलाच अडतो. ३.३ पासून नावाआधी प्रश्नचिन्ह लावलं की अनोळखी नाव सोडून दिलं जातं. ३.० वर ती सोय नाही, तिथे फाइलच वेगळी ठेवावी लागते.

पाचवं, टीएलएस १.३ चालू हवं. १.२ मध्ये हे गट नाहीतच, त्यामुळे १.२ वर अडकलेल्या ग्राहकाला यातलं काही मिळत नाही.

तपासणी: ओपनएसएसएलचा एस_क्लायंट, ग्रुप्स पर्यायात फक्त एक्स२५५१९एमएलकेईएम७६८ देऊन चालवा. जोडणी झाली आणि 'निगोशिएटेड टीएलएस१.३ ग्रुप' या ओळीत तेच नाव आलं, की झालं. रोजच्या मोजणीसाठी अ‍ॅक्सेस लॉगच्या फॉरमॅटमध्ये डॉलर एसएसएल_कर्व्ह हे चल टाका. वाटाघाटीत कोणता गट ठरला ते विनंतीगणिक दिसतं. आठवडाभर लॉग ठेवा, मग कोणते ग्राहक मागे राहिलेत ते यूजर एजंटसकट समोर येतं.

---

शंकासुर

रूटवाला, एक विचारतो. यादीत कोलन देऊन नावं लिहिली, लॉग ठेवला. ब्राउझर सगळे संकरित गटावर आले. पण काही प्रोग्रॅम असे दिसतात की त्यांच्या हॅलोमध्ये (जोडणीच्या पहिल्या संदेशात) गटाचं नाव आहे, तरी ठरतं मात्र साधं एक्स२५५१९. माझा क्रम तर एमएल-केईएम आधी असाच आहे.

---

रूटवाला

शंकासुर, तो ग्राहक गटाचं नाव सांगतोय, पण त्या गटाची किल्ली सोबत पाठवत नाहीये. हॅलोमध्ये नुसत्या एक्स२५५१९ चा ३२ बाइटचा वाटा आहे. ओपनएसएसएल ३.५ मध्ये कोलनने जोडलेली नावं एकाच पंक्तीतली धरतात, आणि एका पंक्तीत ज्याची किल्ली आधीच हातात आहे त्याला पहिला मान मिळतो. फेरी वाचावी हा त्यामागचा हेतू.

तुम्हाला एक फेरी जास्त गेलेली चालत असेल, तर संकरित गटानंतर कोलनऐवजी तिरकी रेघ द्या. मग ती वेगळी, वरची पंक्ती होते, आणि ग्राहकाने नुसतं नाव जरी सांगितलं असलं तरी सर्व्हर 'हॅलो रिट्राय' पाठवून योग्य किल्ली मागून घेतो. ३.५ ची स्वतःची डीफॉल्ट यादी अशीच आहे. फेरी वाचवण्यापेक्षा दहा वर्षांची गुप्तता मोठी, त्यामुळे मी तिरक्या रेघेच्याच बाजूचा.

---

अंकपाश

"संकरित कशाला, नुसतं एमएल-केईएम का नको" हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच लिहिते.

जुलै २०२२ मध्ये एसआयकेई ही क्वांटमरोधक पद्धत निस्टच्या निवडीच्या चौथ्या फेरीत होती. कास्त्रिक आणि डेक्रू यांनी तिचा पी४३४ संच एका साध्या प्रोसेसरच्या एका कोअरवर तासाभरात फोडला. त्याच वर्षी फेब्रुवारीत वॉर्ड ब्यूलन्स यांनी रेनबो ही सहीची पद्धत लॅपटॉपवर शनिवार-रविवारात फोडता येते हे दाखवलं. दोन्ही फुटल्या त्या साध्या संगणकावर. क्वांटमची गरजच पडली नाही. एमएल-केईएममागचं जाळीचं गणित खूपच जास्त तपासलं गेलंय, तरी सोबत एक्स२५५१९ ठेवायला फक्त ३२ बाइट लागतात. दोन्ही गुपितं जोडून त्यातून सत्राची किल्ली काढली, की हल्लेखोराला दोन्ही कुलपं फोडावी लागतात.

आकार लक्षात ठेवा, पुढच्या निम्म्या अडचणी त्यातूनच निघतात. एमएल-केईएम-७६८ ची सार्वजनिक किल्ली ११८४ बाइट, कूटपाठ (त्या किल्लीने बंद केलेलं उत्तर) १०८८, गुपित ३२. टीएलएसमध्ये ग्राहकाकडून ११८४ + ३२ = १२१६ जातात आणि सर्व्हरकडून १०८८ + ३२ = ११२० येतात. या गटाचा क्रमांक ४५८८.

कोड लिहिणाऱ्यांसाठी एक सापळा: या गटात एमएल-केईएमचा भाग आधी आणि एक्स२५५१९ चा नंतर. नावात उलट क्रम दिसतो, त्याला फसू नका. पी-२५६ सोबतचा जो गट आहे (क्रमांक ४५८७), त्यात मात्र कर्व्हचा भाग आधी येतो.

आता एक बिट जवळून बघू, म्हणजे गळती कुठे होते ते कळेल. सगळं अंकगणित ३३२९ या मूळ संख्येच्या घड्याळावर चालतं. संदेशातला ० म्हणजे ०, आणि १ म्हणजे घड्याळाचा अर्धा फेरा, १६६५. त्यावर मुद्दाम लहानसा गोंगाट मिसळतात. समजा १ पाठवला आणि पलीकडे १७४० पोचला. ८३३ ते २४९६ मधलं काहीही आलं तर १ धरायचा, बाकी ०. म्हणून १७४० चा १ झाला. गोंगाट एवढा बेताचा निवडलाय की ७६८ मध्ये चुकीचा निकाल यायची शक्यता २ च्या उणे १६४ व्या घाताइतकी आहे.

हा निर्णय कोडमध्ये कसा घेतात? संख्या दुप्पट करायची, १६६४ मिळवायचे आणि ३३२९ ने भागायचं. मूळ संदर्भ कोडमध्ये इथे खरोखर भागाकाराचं चिन्ह होतं. काही प्रोसेसरवर भागाकाराला लागणारा वेळ संख्येवर अवलंबून असतो, आणि ही संख्या गुप्त आहे. एवढ्यावरून गुप्त किल्ली काढता येते हे २०२३ च्या अखेरीस 'कायबरस्लॅश' या नावाने समोर आलं. उपाय असा: १६६४ ऐवजी १६६५ मिळवायचे, भागण्याऐवजी ८०६३५ ने गुणायचं आणि २८ बिट उजवीकडे सरकवायचं. २ चा २८ वा घात भागिले ३३२९ म्हणजे ८०६३५ आणि वर थोडं. तपासून बघा: ८३२ घेतलात तर दुपटीत १६६५ मिळवून ३३२९ होतात, गुणाकार २६,८४,३३,९१५ येतो. हा २ च्या २८ व्या घातापेक्षा, म्हणजे २६,८४,३५,४५६ पेक्षा जेमतेम कमी, म्हणून निकाल ०. ८३३ घेतलात की ओलांडतो, निकाल १.

तुमच्या उत्पादनात कायबरची २०२३ मध्ये किंवा त्यापूर्वी उचललेली प्रत पडलेली असेल, तर आधी ही ओळ शोधा. आणि स्वतः लिहू नका. २०२४ मध्ये तर क्लँग कंपायलरने काही ऑप्टिमायझेशन पर्यायांवर नीट लिहिलेल्या कोडमध्येही गुप्त बिटावर फाटा घालून दिल्याचं आढळलं. सोर्स निर्दोष असून बायनरी गळकी.

---

दर्यावर्दी

अंकपाशताईंच्या माहितीत ही भर, कारण डीबग करताना दोन दिवस सहज जातात.

एमएल-केईएममध्ये चुकीची किल्ली किंवा बिघडलेला कूटपाठ दिला तर त्रुटी येत नाही. ते शांतपणे ३२ बाइट देतं, फक्त ते समोरच्याशी जुळत नाहीत. हे मुद्दाम तसं केलंय: "नाकारलं" असं सांगितलं की हल्लेखोराला त्यातून माहिती मिळते. परिणाम असा की बिघाड एका जागी आणि त्रुटी दुसऱ्या जागी. हँडशेकमध्ये पुढचा कूटबद्ध संदेश उघडत नाही, 'बॅड रेकॉर्ड मॅक' किंवा 'डिक्रिप्ट एरर' येतो, आणि लोक एईएसचा कोड चाळत बसतात.

असं दिसलं की दोन गोष्टी तपासा. एक, वर सांगितलेला जोडणीचा क्रम. दोन, एका बाजूला तिसऱ्या फेरीतलं कायबर आणि दुसऱ्या बाजूला अंतिम एमएल-केईएम तर नाही ना. दोन्हींचे आकार बाइटन् बाइट सारखे, म्हणून लांबीची तपासणी पास होते. पण शेवटचं गुपित काढायची रीत बदललीय: कायबरमध्ये शेवटी कूटपाठाचा हॅश मिसळून आणखी एक किल्ली-व्युत्पत्ती होती, एमएल-केईएममध्ये ती काढून टाकली. गुपितं जुळणं शक्यच नाही. टीएलएसमध्ये जुन्या मसुद्याचा गट क्रमांक २५४९७ होता म्हणून तिथे गोंधळ कमी झाला. क्रोमने १३१ पासून नवा क्रमांक घेतला. स्वतःच्या प्रोटोकॉलमध्ये कायबर घालून ठेवलेल्यांना मात्र आवृत्तीचा बाइट नसेल तर फार त्रास आहे.

समोरून आलेली सार्वजनिक किल्लीही तपासायलाच हवी. प्रत्येक सहगुणक १२ बिटांत बसवलेला असतो, म्हणजे ४०९५ पर्यंत काहीही येऊ शकतं, पण वैध फक्त ३३२८ पर्यंत. किल्ली उलगडून पुन्हा बांधायची आणि मूळ बाइटशी ताडून बघायची. एफआयपीएस २०३ मध्ये ही तपासणी सक्तीची आहे.

---

रूटवाला

एसएसएचचं काम यापेक्षा सोपं आहे. ओपनएसएसएचमध्ये ९.० पासून (एप्रिल २०२२) एसएनट्रप७६१ (दुसरी क्वांटमरोधक पद्धत) आणि एक्स२५५१९ ची जोडी डीफॉल्ट आहे. ९.९ मध्ये एमएल-केईएम-७६८ ची जोडी आली, १०.० पासून तीच डीफॉल्ट. १०.१ पासून क्वांटमरोधक देवाणघेवाण झाली नाही तर ग्राहक इशारा छापतो. तो इशारा बंद करायचा पर्याय आहे, पण तो वापरण्याआधी सर्व्हर बघा.

एसएसएचमध्ये ग्राहकाचा क्रम चालतो. उबुंटू २२.०४ वरचा ८.९ चा सर्व्हर जुना वाटला तरी त्याच्या यादीत एसएनट्रप आहे. नवा ग्राहक आला की तीच ठरते, सर्व्हरला हात न लावता. तरीही इशारा येत असेल तर सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये केईएक्सअल्गोरिदम्स (किल्ल्यांच्या देवाणघेवाणीच्या पद्धतींची यादी) ही ओळ खिळलेली असणार. एसएसएचला दोन व्ही देऊन जोडा आणि 'केईएक्स: अल्गोरिदम' ही ओळ वाचा. यादी बदलायची तर पूर्ण यादी लिहू नका. सुरुवातीला वरचा बाण (कॅरेट) लावून एकच नाव दिलं की ते डीफॉल्ट यादीच्या डोक्यावर बसतं आणि पुढच्या आवृत्तीची सुधारणा अडत नाही.

होस्ट किल्ली ईडी२५५१९ राहू द्या. तिला आज धोका नाही.

---

शंकासुर

एसएसएच एका व्हीपीएनमधून जोडलं की 'एक्सपेक्टिंग एसएसएच२_एमएसजी_केईएक्स_ईसीडीएच_रिप्लाय' इथे लटकतं. केईएक्स बदलून नुसतं कर्व्ह२५५१९ दिलं की लगेच जोडतं. म्हणजे सर्व्हरला एमएल-केईएम झेपत नाही असं समजायचं का?

---

दर्यावर्दी

नाही, एमटीयू, म्हणजे वाटेत मावणाऱ्या पाकिटाचा कमाल आकार, बघा. जुन्या देवाणघेवाणीचं पाकीट लहान होतं, म्हणून मधल्या वाटेची अरुंदी कुणाला कळलीच नव्हती. आता पहिल्यांदाच मोठं पाकीट जातंय.

पिंगला 'तुकडे करू नको' असं सांगून (लिनक्सवर मोठा एम, डू) आकार १४७२ पासून खाली आणत जा. जिथे उत्तर यायला लागतं त्यात २८ मिळवा, तो वाटेचा एमटीयू. पीपीपीओईवर १४९२ येईल, वायरगार्डवर बहुधा १४२०. बोगद्याच्या इंटरफेसवर तेवढा आकडा लावा किंवा राउटरवर टीसीपी एमएसएस (तुकड्याचा कमाल आकार) वाटेच्या एमटीयूप्रमाणे कापायचा नियम घाला. आयसीएमपी सरसकट अडवणारी फायरवॉल मध्ये असेल तर तिलाच आधी सरळ करा. 'पाकीट मोठं झालं' हा निरोप परत येत नाही म्हणूनच हे लटकणं.

टीएलएसमध्ये हाच प्रकार वेगळ्या रूपात येतो. ग्राहकाचं हॅलो आता १७०० बाइटच्या पुढे जातं, एका टीसीपी तुकड्यात १४६० मावतात, म्हणून ते दोन तुकड्यांत फुटतं. होस्टचं नाव पहिल्याच तुकड्यात शोधणाऱ्या फायरवॉल आणि प्रॉक्सी इथे जोडणी तोडतात. ओळखायची खूण: नवा ब्राउझर लटकतो किंवा रीसेट होतो, आणि त्याच मशीनवरून जुन्या ओपनएसएसएलचं कर्ल मात्र चालतं. एस_क्लायंट एकदा ग्रुप्स एक्स२५५१९ देऊन आणि एकदा संकरित गट देऊन चालवा, दोष दोन मिनिटांत समोर येतो.

स्वतः असा प्रॉक्सी लिहिला असेल तर दुरुस्ती लहान आहे. पहिला बाइट २२, पुढचे दोन आवृत्तीचे, त्यापुढच्या दोन बाइटांत लांबी. ५ अधिक ती लांबी एवढे बाइट हातात येईपर्यंत वाचत राहा. एकदाच रीड मारून "हॅलो आलं" असं मानू नका. शिवाय एक हँडशेक संदेश दोन रेकॉर्डांत विभागलेला असू शकतो, तोही सांधायला हवा.

---

कुलूपकिल्ली

व्हीपीएनचं राहिलंय.

वायरगार्डच्या मूळ प्रोटोकॉलमध्ये क्वांटमरोधक देवाणघेवाण नाही. पण ३२ बाइटची पूर्वसामायिक किल्ली मिसळायची सोय आहे आणि ती सममित असल्याने शोरचा धोका तिला नाही. डब्ल्यूजी जेनपीएसके ने प्रत्येक जोडीसाठी वेगळी किल्ली बनवा, दोन्ही बाजूंना पीअरच्या विभागात टाका. एकच किल्ली चाळीस लॅपटॉपवर वाटली तर एक लॅपटॉप गेला की सगळे गेले. आणि ती किल्ली त्याच जुन्या वायरगार्ड बोगद्यातून किंवा ईमेलने पाठवू नका, आज साठवलेल्या वाहतुकीत तीही साठवली जाते. संकरित देवाणघेवाण असलेल्या एसएसएचवरून पाठवा.

आयपीसेक व्हीपीएनमध्ये स्ट्राँगस्वान या प्रोग्रॅमच्या ६.० आवृत्तीपासून एमएल-केईएम आहे. प्रपोजलमध्ये नेहमीच्या एक्स२५५१९ नंतर केई१_एमएलकेईएम७६८ लिहायचं. आरएफसी ९३७० ने ही मांडणी अशी केलीय की पहिल्या संदेशात लहान एक्स२५५१९ जातं, आणि एमएल-केईएमची मोठी किल्ली त्यानंतरच्या मधल्या, कूटबद्ध झालेल्या फेरीत. कारण आयकेईचा (आयपीसेकमधल्या किल्ली-वाटाघाटीचा) पहिला संदेश प्रोटोकॉलच्या पातळीवर तोडता येत नाही आणि आयपी पातळीवर तुटलेले यूडीपी तुकडे कितीतरी राउटर टाकून देतात. म्हणून दोन्ही टोकांना आयकेई फ्रॅगमेंटेशन चालू आहे ना ते बघा. एमएल-केईएम-१०२४ घेतलं तर किल्लीच १५६८ बाइटची, तिथे ते नसेल तर जोडणी होणारच नाही.

समोरचं उपकरण जुनं असेल तर आरएफसी ८७८४ ची पूर्वसामायिक किल्ली हा मार्ग. त्यात आतल्या डेटाला संरक्षण मिळतं, पण पहिल्या आयकेई सत्रातली ओळख आणि नावं उघडी राहतात. रीकी (किल्ल्या नव्याने ठरवणं) झाल्यावर पुढचे आयकेई संदेशही झाकले जातात, पण आधी गेलेली ओळख नाही.

---

पाटी_पेन्सिल

सह्यांबद्दल. फर्मवेअरचा अपवाद का, तर बूटरॉममध्ये जाळलेली सार्वजनिक किल्ली पंधरा वर्षांनीही तीच असते. स्मार्ट मीटर, वाहनांची नियंत्रकं, वैद्यकीय उपकरणं आज भिंतीवर लागतायत आणि त्यांच्यात ईसीडीएसए (इलिप्टिक कर्व्हची सही) एकटंच असेल तर नंतर बदलायला दारच नाही.

इथे एलएमएस हे सहीचं तंत्र चांगलं बसतं. नुसत्या हॅशवर उभं आहे, सार्वजनिक किल्ली ५६ बाइट, आणि २० उंचीच्या झाडावर (डब्ल्यू = ८, एसएचए-२५६) सही १७७२ बाइट, एका किल्लीत १०,४८,५७६ सह्या. पडताळणीचा कोड बूटलोडरमध्ये सहज मावतो. पण त्याची एक अट फार कडक आहे: झाडाचं एक पान एकदाच वापरायचं. तेच पान दोन वेगळ्या संदेशांवर वापरलं गेलं तर खोटी सही बनवता येते. त्यामुळे सही करणारं यंत्र व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवून स्नॅपशॉटवर मागे नेलं, किंवा गुप्त किल्लीचा बॅकअप परत चढवला, की मोजणी मागे जाते आणि किल्ली संपली. मोजणी आधी कायम साठवणीत लिहायची, मग सही बाहेर द्यायची, हाच क्रम. दोन साइट हव्या असतील तर दोन वेगळी उपझाडं द्या, एकाच झाडाच्या दोन प्रती नकोत. ही शिस्त जमणार नसेल तर एमएल-डीएसए घ्या, तिथे असली मोजणी नाही.

वेब सर्टिफिकेटांची अडचण आकाराची. एमएल-डीएसए-४४ ची किल्ली १३१२ आणि सही २४२० बाइट. साखळीत पानाची आणि मधल्या सर्टिफिकेटची किल्ली-सही मिळून ७४६४, पारदर्शकता लॉगच्या दोन सह्या ४८४०, हँडशेकची सही २४२०. एकूण १४,७२४. टीसीपीची पहिली खिडकी १० तुकड्यांची, म्हणजे १४,६००. नुसत्या सह्या-किल्ल्यांनीच ती भरून वाहते आणि एक फेरी वाढते. आज ईडी२५५१९ ची सही ६४ बाइट आहे हे आठवलं की ब्राउझरवाले घाई का करत नाहीत ते कळतं.

---

शंकासुर

शेवटचा प्रश्न. पुढे सीडीएन (साइटच्या प्रती वाटणारं बाहेरचं जाळं), मग लोड बॅलन्सर, मागे जावा आणि गो मधल्या सेवा. ब्राउझर संकरित गट दाखवतोय. काम झालं असं म्हणायचं का?

---

रूटवाला

फक्त पहिला टप्पा झाला. ब्राउझर तुम्हाला सीडीएनपर्यंतचंच सांगतो. सीडीएन ते तुमचा सर्व्हर हा टप्पाही सार्वजनिक इंटरनेटवरूनच जातो, तिथेही तोच लॉग लावून बघा.

मागच्या सेवांमध्ये गो १.२४ पासून हा गट डीफॉल्ट आहे, पण कोडमध्ये कर्व्हप्रेफरन्सेस भरलेलं असेल तर यादी तिथेच थांबते. रेपॉझिटरीत तो शब्द शोधा, बहुतेक जागी ती ओळ नुसती पुसली तरी चालतं. जावा २४ मध्ये एमएल-केईएम लायब्ररीत आलं, पण त्या आवृत्तीच्या टीएलएसमध्ये संकरित गट नाही. त्यामुळे जावा सेवेच्या पुढे त्याच मशीनवर ओपनएसएसएल ३.५ चा प्रॉक्सी बसवून तिथेच टीएलएस संपवणं हा आजचा सरळ मार्ग.

यादी बनवतानाच सर्ट-इन या भारताच्या सायबर सुरक्षा संस्थेची जुलै २०२५ ची मार्गदर्शक तत्त्वं हाताशी घ्या, त्यात सीबॉम, म्हणजे कुठे कोणतं कूटलेखन वापरलंय याच्या नोंदवहीत काय काय असावं ते दिलंय. त्यात बॅकअपचा रकाना आधी भरा. एईएसने बंद केलेली फाइल आणि तिची किल्ली आरएसएने गुंडाळून क्लाउड साठवणीच्या त्याच बादलीत शेजारी ठेवलेली, असं सर्रास असतं. किल्ली नव्याने गुंडाळून जुनी गुंडाळी पुसली तरी आधी कुणी ती उचलली असेल तर उपयोग नाही. ज्या फाइली वीस वर्षं गुप्त राहायला हव्यात त्यांची डेटा किल्लीच बदला, मजकूर नव्याने कूटबद्ध करा, आणि बादलीच्या जुन्या आवृत्त्या ठेवायची सोय चालू असेल तर त्या आवृत्त्याही काढा.